सासूबाईंचा हीटर आणि २१८ पाउंडांचा हप्ता

"ताई, आम्ही जुलैत पुण्याहून इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो. तीन बेडरूमचं भाड्याचं घर, मी, नवरा आणि तीन वर्षांची मुलगी. घरात शिरलो तेव्हा जी एनर्जी कंपनी होती तीच ठेवली, टॅरिफ स्टँडर्ड व्हेरिएबल. महिन्याला १४५ पाउंड डायरेक्ट डेबिट जायचा. नोव्हेंबरच्या शेवटी सांगलीहून सासूसासरे आले, सहा महिन्यांसाठी. आता, फेब्रुवारी २०२६ मध्ये, कंपनीचा मेल आलाय की खात्यावर ४३० पाउंड बाकी आहे आणि मार्चपासून २१८ कापणार! गॅसच्या मीटरवर ३१ डिसेंबरला ४८१२ होते, ३१ जानेवारीला ५०४६, म्हणजे झाले २३४ युनिट, आणि बिलात लावलेत २,६०० च्या वर. विजेचे आधी महिन्याला २९० च्या आसपास असायचे ते जानेवारीत ६२०. वर म्हणे सरकारी कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, १,७५८ पाउंड आहे, आमचं वर्षाचं तर त्याच्या पुढे चाललंय, मग हे बेकायदेशीर नाही का? नवरा म्हणतो डायरेक्ट डेबिटच बंद करू, म्हणजे येतील ताळ्यावर. शेजारचे म्हणतात अर्ध्या अर्ध्या तासाला रेट बदलणारा टॅरिफ घ्या, खूप स्वस्त पडतो. सासूबाईंना रात्री थंडी वाजते म्हणून त्या खोलीत फॅन हीटर लावून झोपतात, त्यावरून नवरा माझ्यावर चिडचिड करतो, आईला मात्र एक शब्द बोलत नाही. मी काय करू? – हीटरग्रस्त सून"

अगं सूनबाई, आधी नवऱ्याला सांग की डायरेक्ट डेबिटला हात लावू नकोस. बाकीचं सगळं निवांत बोलू, पण हे आजच सांग. डायरेक्ट डेबिट बंद केला की कंपनी ताळ्यावर वगैरे येत नाही, ती तुम्हाला बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांच्या गटात टाकते आणि त्या गटाचा रेटच जास्त असतो, कॅपमध्येसुद्धा त्यांचा आकडा वेगळा आणि वरचा आहे. म्हणजे ४३० ची बाकी तशीच राहणार, वर पुढचं प्रत्येक युनिट महाग.

आता गॅसचं. तुझं हे वाचून मला हसू आलं, कारण आम्ही पहिल्या वर्षी लीड्सला असताना माझ्या नवऱ्याने अगदी याच मुद्द्यावर कंपनीला फोन करून अर्धा तास भांडण केलं होतं आणि शेवटी त्या मुलीने शांतपणे विचारलं होतं की सर, तुमचा मीटर कशाचा आहे. मीटरवर जे २३४ दिसतं ते घनमीटर आहेत गं, गॅसचं आकारमान. बिल लागतं ते उष्णतेचं, म्हणजे किलोवॅट-अवरचं. एका घनमीटरचे साधारण ११ किलोवॅट-अवर होतात, बिलाच्या मागच्या पानावर तो हिशेब बारीक अक्षरात छापलेला असतो, १.०२२६४ ने गुणायचं, मग कॅलरीफिक व्हॅल्यू म्हणून एक आकडा असतो ३९ च्या आसपासचा त्याने गुणायचं, मग ३.६ ने भागायचं. कर तुझ्या २३४ चं, २,६०० च्या वरच येतं. दहापट लावलेत असं वाटतं, पण रेटही तसाच बारका आहे ना, गॅसच्या युनिटला जेमतेम ६ पेन्स. म्हणजे जानेवारीचा गॅस झाला १५५ पाउंडांचा. सासूसासरे दिवसभर घरात आहेत, हीटिंग सकाळपासून रात्रीपर्यंत चालू आहे, तीन बेडरूमच्या घराला जानेवारीत एवढं होतं.

एक मात्र बघून घे, घरातला मीटर जुना असेल आणि त्यावर घनफूट लिहिलं असेल तर हिशेबात आणखी २.८३ चा गुणाकार येतो. मीटर एका पद्धतीचा आणि बिल दुसऱ्या पद्धतीचं असा घोळ झालेली घरं आहेत, आणि तिथे खरोखरच आकडा जवळजवळ तिप्पट किंवा एकतृतीयांश होतो. तुझा २३४ चा आकडा बघता तुझा घनमीटरवालाच वाटतो, तरी जिन्याखालच्या कपाटात टॉर्च मारून मीटरवर लिहिलेलं वाच.

तसंच बिलावर रीडिंगच्या शेजारी बारीक अक्षरात ते अंदाजे आहे की खरं ते लिहिलेलं असतं. स्वतःच रीडिंग पाठवणारा स्मार्ट मीटर लावला की आपल्याला वाटतं सुटलो, पण कित्येक घरांत तो मीटर मुका होऊन बसलेला असतो आणि कंपनी आपली अंदाजपंचे बिलं पाठवत राहते. रेडिंगला राहून रीडिंग घ्यायचं नाही हे बरं दिसत नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो काढ आणि ॲपवर टाक. ३१ मार्चला तर नक्कीच, कारण १ एप्रिलला रेट बदलतो आणि आदल्या दिवशीचं रीडिंग नसेल तर कुठली युनिट जुन्या रेटने नि कुठली नव्या रेटने हे कंपनी स्वतःच्या अंदाजाने ठरवते.

कॅप. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला. इथे येणाऱ्या प्रत्येक माणसाचा यात घोटाळा होतो, इथल्याच लोकांचाही होतो. ऑफजेम म्हणजे इथलं वीज-गॅसचं नियामक मंडळ, त्यांनी २०१९ च्या जानेवारीत हा कॅप आणला, आणि तो आहे युनिटच्या रेटवर नि रोजच्या स्टँडिंग चार्जवर, म्हणजे वापर असो नसो रोज लागणाऱ्या ठरावीक रकमेवर. तुमच्या एकूण बिलावर नाही! जानेवारी ते मार्च २०२६ साठी सरासरी रेट होता विजेला २७.६९ पेन्स आणि गॅसला ५.९३ पेन्स, स्टँडिंग चार्ज दोन्ही मिळून दिवसाला ९० पेन्स. आता एखादं घर वर्षाला विजेचे २,७०० आणि गॅसचे ११,५०० युनिट वापरत असेल असं धरून गुणाकार केला की १,७५८ येतात, आणि मग बातमीवाले तोच एक आकडा घेऊन नाचतात. तुमचं घर २,७०० वालं नाहीये. तुम्ही जानेवारी या एका महिन्यात ६२० युनिट वीज वापरलीत. तेव्हा बेकायदेशीर वगैरे काही नाही, फक्त तुमच्या बिलावरचे रेट या आकड्यांच्या जवळपास आहेत ना तेवढं बघ, भागाप्रमाणे थोडा फरक असतो.

आणि डोक्यातून महावितरण काढून टाक बरं का. तिकडे आपण १०० युनिटच्या आत बसायचं, ३०० च्या वर जायचं नाही असा स्लॅबचा हिशेब करत मोठे झालो, आमच्याकडे तर बाबा महिन्याच्या २० तारखेनंतर इस्त्रीला हात लावू द्यायचे नाहीत. इथे स्लॅब नाही. पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच भावाने. त्यामुळे महिनाअखेरीस काटकसर करण्यात काही विशेष नाही, आणि एखाद्या महिन्यात जास्त झालं म्हणून रेटची शिक्षाही नाही. बदलतो तो रेट तीन महिन्यांनी, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, सगळ्यांसाठी एकदम. व्हेरिएबल म्हणतात ते एवढ्याचसाठी.

आता तुझ्या २१८ कडे येते. तुला आवडणार नाही पण मी कागद-पेन घेऊन बसले आणि कंपनीची बाजू मला बरीचशी पटली. तुझ्या आकड्यांवरून, हीटर सोडून, तुमच्या घराला वर्षाला विजेचे ३,७०० आणि गॅसचे १४,००० च्या आसपास युनिट लागतील असं मी धरलं. त्याच रेटने आणि स्टँडिंग चार्ज धरून त्याचे झाले साधारण २,१८० पाउंड, म्हणजे महिन्याला १८२. त्यात ही ४३० ची बाकी १२ महिन्यांत फेडायची तर महिन्याला ३६. बेरीज कर. २१८! मी दोनदा करून बघितली.

म्हणजे तुमचा घोळ मार्चमध्ये होणार नाहीये, तो जुलैतच झालाय. नवीन माणूस घरात शिरला की कंपनीकडे त्याच्या वापराची काहीच माहिती नसते, मग आधीच्या भाडेकरूवरून नाहीतर घराच्या आकारावरून एक हप्ता ठोकून देतात. १४५ हा तो ठोकलेला आकडा. आपल्याला वाटतं तेच आपलं बिल. हप्ता कमी म्हणून तुम्ही खूश, उन्हाळ्यात खात्यावर थोडे जमाही झाले असतील, आणि हिवाळा आल्यावर ते सगळं खाऊन वर बाकी राहिली. हप्ता हा वर्षभराचा सरासरी काढलेला हप्ता असतो, आपल्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स जसा दर महिन्याला सारखाच येतो तसा, त्या महिन्यात लिफ्ट किती वेळा वरखाली झाली याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते की हप्त्याचा आकडा बघून ना आनंद माना ना घाबरा, महिन्याचे युनिट बघा. पाउंड कंपनी ठरवते, ऑफजेम ठरवतं, लांब कुठेतरी युद्ध लागलं की गॅसचा भाव बदलतो, युनिट तेवढे आपल्या हातात.

मग काय २१८ मुकाट भरायचे? नाही. फोन कर, चॅटवर बोल, आणि सांग की घरात दोन पाहुणे आहेत, मेमध्ये परत जाणार आहेत, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या वापरावरून पुढचं वर्ष धरू नका. दुसरं, फेब्रुवारीच्या तोंडावर थोडी बाकी असणं हे प्रत्येक हप्तेवाल्या घरात असतंच, ऑक्टोबरात जमा सगळ्यात जास्त आणि मार्च-एप्रिलात सगळ्यात कमी, ही दरवर्षीची भरती-ओहोटी आहे, त्यामुळे सगळी बाकी एका वर्षात वसूल करायलाच हवी असं नाही. २०० वर ठेवा आणि मे अखेरच्या रीडिंगनंतर परत बघा असं म्हण. ऐकतात बहुतेक वेळा, हप्ता कशावरून ठरवला ते त्यांना समजावून सांगावंच लागतं. नाहीच ऐकलं तर रीतसर तक्रार नोंदव, आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट जाता येतं. पण खरं सांगू, १८ पाउंडांसाठी मी तिथपर्यंत जाणार नाही.

खरे पैसे कुठे आहेत ते बघ. २९० चे ६२० झाले म्हणजे ३३० युनिट जास्तीचे. २७.६९ ने गुणलं की ९१ पाउंड. एका महिन्याचे! सगळे काही हीटरचे नसतील, दोन माणसं वाढली की वॉशिंग मशीन, किटली, मराठी चॅनेल लावलेला टीव्ही हे सगळं वाढतंच, पण २ किलोवॅटचा फॅन हीटर रात्री पाच तास चालला तरी १० युनिट जातात, म्हणजे रात्रीला पावणेतीन पाउंड. तेवढीच उष्णता गॅसच्या रेडिएटरमधून घेतली तर बॉयलरमध्ये थोडी वाया जाते ती धरूनही ७० पेन्सच्या आत बसते. इथे विजेचं युनिट गॅसच्या साडेचार पटीने महाग आहे, आणि भारतातून आलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेलं नसतं, त्याला वाटतं अख्ख्या घराचं हीटिंग लावण्यापेक्षा एका खोलीत एक छोटं यंत्र लावलं तर स्वस्तच पडणार. सासूबाईंनाही अगदी हेच वाटत असेल. त्या उधळपट्टी करत नाहीयेत, त्यांच्या हिशेबाने त्या तुमचे पैसे वाचवतायत! नवऱ्याला हे आधी समजाव, आणि आईशी बोलायचं काम त्याचं आहे, तुझं नाही. तू सून आहेस, तू कितीही गोड बोललीस तरी सांगलीला फोन जाईल तेव्हा "आम्हाला थंडीत झोपवलं" असंच जाईल.

आणि बोलायचं म्हणजे "आई, हीटर लावू नकोस" असं नाही. आधी खोली गरम करा, मग हीटर उचला, उलट क्रमाने केलंत तर महाभारत.

त्या खोलीत रात्री थंडी का वाजते हे कोणी बघितलंय का? माझा अंदाज सांगते. तुमच्याकडे थर्मोस्टॅट खाली पॅसेजमध्ये असणार आणि हीटिंगचा टायमर रात्री दहाला बंद होत असणार, कारण तुम्ही जाड ड्यूव्हेमध्ये झोपता आणि तुम्हाला गरज वाटत नाही. त्यांना पहाटे तीनला जाग येते, बाथरूमला जावं लागतं, आणि घर १४ डिग्रीवर आलेलं असतं. वयस्कर माणसांसाठी खोली किमान १८ डिग्री ठेवा असं इथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएससुद्धा सांगते. सांगलीकरांसाठी १८ म्हणजे कानटोपीचं हवामान, तेव्हा हे काही लाड नाहीत. टायमर रात्री पूर्ण बंद न करता थर्मोस्टॅट १८ वर ठेवा. त्यांच्या खोलीतल्या रेडिएटरचा गोल नॉब पूर्ण उघडा, तुमच्या आणि ज्या खोलीत रात्री कोणी नसतं तिथला २ वर आणा. गॅस थोडा वाढेल, वाढू दे, हीटरच्या पुढे तो काहीच नाही.

गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट अंथरा, १०० वॅटच्या आसपासचं असतं, रात्रभर चाललं तरी २०-२२ पेन्स. त्यांना विजेवर झोपायची भीती वाटली, माझ्या आईला वाटायची, तर झोपायच्या आधी अर्धा तास लावून बंद करा आणि पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी द्या. फॅन हीटर रात्रभर चालू ठेवून झोपणं हे बिल सोडलं तरी धोक्याचं आहे, पडदा नाहीतर पांघरूण त्यावर पडलं तर काय होतं ते सांगायला नको, आणि हवा कोरडी होऊन खोकला धरतो तो वेगळाच. नवऱ्याने आईला हेच कारण सांगावं. पैशांचं काढायचंच नाही. पैशांचं काढलं की त्या उद्यापासून हीटरही लावणार नाहीत, हीटिंगही लावू देणार नाहीत आणि दोन स्वेटर घालून तोंड पाडून बसतील.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं म्हणशील तर ते ऑक्टोपस कंपनीच्या अजाइल टॅरिफसारखं काहीतरी म्हणत असणार. वाईट नाहीये ते, उद्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रेट आज दुपारी चारच्या सुमाराला कळतात, वारा जोरात असेल तर रात्री रेट शून्याच्याही खाली जातो. ज्याच्या दारात इलेक्ट्रिक गाडी आहे, जो रात्री दोनला चार्जिंग लावून झोपतो, त्याला ते मस्त. पण संध्याकाळी चार ते सात तोच रेट चढतो, आणि तुमच्या घरात त्याच वेळी मुलगी नर्सरीतून येणार, सासूबाई भाकऱ्या टाकणार, मशीन लागणार, दिवे लागणार. सासऱ्यांना सांगणार आहेस का चहा सातनंतर घ्या म्हणून? राहू दे.

फिक्स टॅरिफचं, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी रेट पक्का करण्याचं, मात्र बघ, भाडेकरूने बिल स्वतः भरलं तर कंपनी किंवा टॅरिफ बदलायला घरमालकाची आडकाठी नसते. फक्त आज लगेच नको. पुढच्या तीन महिन्यांचा कॅप ऑफजेम महिनाभर आधी जाहीर करतं, आणि सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरच्या बजेटमध्ये एप्रिल २०२६ पासून बिलातले काही खर्च काढून सरासरी १५० पाउंड कमी करू असं म्हटलं होतं. तो आकडा हातात येऊ दे, मग फिक्सचा युनिट रेट आणि स्टँडिंग चार्ज हे दोन्ही त्याच्या शेजारी ठेवून बघ, आणि मध्येच सोडलं तर एक्झिट फी किती ते विचार, कारण वर्षभरात नवऱ्याचं ऑफिस बदललं आणि घर हललं तर ती कशी लागेल हे आधी कळलेलं बरं. २०२२ च्या ऑक्टोबरात कॅप ३,५४९ वर गेला होता आणि सरकारने मध्ये पडून तो २,५०० वर धरला होता, त्या हिवाळ्यात आम्ही चौघं एका खोलीत बसून अभ्यास, ऑफिस, जेवण सगळं करत होतो, तेव्हापासून मी स्वतः फिक्सवालीच आहे. पण हा माझा घाबरटपणा आहे, हिशेब म्हणून दरवेळी फिक्सच जिंकतं असं नाही.

अजून एक आत्ता आठवलं. बॉयलर कॉम्बी, म्हणजे नळाचं पाणी आणि रेडिएटर दोन्ही गरम करणारा, असेल तर त्यावर दोन बटणं असतात, एकावर नळाचं चित्र, दुसऱ्यावर रेडिएटरचं. रेडिएटरवालं बहुतेक घरांत ७५-८० वर ठेवलेलं असतं. ते ६० वर आण. खोली गरम व्हायला थोडा वेळ जास्त लागतो पण गॅस कमी जळतो, पाणी जरा गार होऊन परत आलं की तो बॉयलर धुरातली उष्णताही खेचून घेतो. थर्मोस्टॅट मात्र खाली आणू नकोस, नाहीतर परत हीटर निघेल कपाटातून.

आणि आज रात्री हीटिंग चालू असताना सासूबाईंच्या खोलीतल्या रेडिएटरला खालून वर हात लावून बघ. खाली गरम आणि वर गार लागलं तर आत हवा अडकलीये आणि खोली गरम होत नाही ती त्यामुळे. ती काढायची छोटी चावी हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन पाउंडांत मिळते. हीटिंग बंद करून, रेडिएटर गार झाल्यावर, वरच्या कोपऱ्यातला चौकोनी स्क्रू अगदी पाव फेरा फिरवायचा, सुस्स आवाज येईल, पाणी दिसलं की लगेच आवळायचा. नंतर बॉयलरवरचा प्रेशरचा काटा एकच्या खाली गेला असेल तर घरमालकाला कळव. आणि खाली जुना टॉवेल धर गं, पहिलं पाणी काळंकुट्ट येतं आणि कार्पेट तुमचं नाहीये.